दौंडचं पाणी यायच्या आत

सोलापुरात आषाढात वारं सुटलं की माणसं आभाळाकडे बघून हळहळतात. ढग येतात, डोक्यावर रेंगाळतात आणि वारा त्यांना पूर्वेकडे हाकलून नेतो. "वारं लागलंय, आता कुठला पाऊस," हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला, वाऱ्यावर राग असणं साहजिक आहे. गेली 6 वर्षं मला मात्र तोच वारा हवा असतो. मोठ्या मामांची मोहोळकडे कोरडवाहू जमीन आहे, त्यामुळे त्यांच्यासमोर हे बोलताना मला अजूनही जड जातं.

आम्ही काही जण शिडाच्या होड्यांच्या शर्यती लावतो. मोठं काही नाही. होड्या 4: दोन एंटरप्राइज आणि दोन लेझर. एंटरप्राइज दोघांनी चालवायची. जॅक होल्ट या इंग्रज आरेखकाने 1956 साली आखलेली, 4 मीटरहून किंचित लांब, आणि निळ्या शिडांवरून लांबूनही ओळखू येणारी. लेझर एकट्याची, एकाच शिडाची. चारही होड्या जुन्या, दुसऱ्यांनी वापरून सोडलेल्या, टेंपोत घालून सोलापूरला आणलेल्या. शिकवणारे आमचे सुभेदार साहेब. फौजेत असताना ते हैदराबादला हुसेनसागरावर शिडाची होडी शिकले, निवृत्तीनंतर इथे स्थायिक झाले आणि पाणी दिसेना म्हणून अस्वस्थ झाले. त्यांच्या त्या अस्वस्थतेतून हे सगळं सुरू झालं.

सराव हिप्परग्याच्या तलावात आणि शर्यती उजनीला, टेंभुर्णीच्या पुढे, असं आमचं ठरलेलं आहे. अडचण एकच. वारा जून-जुलैत असतो आणि उजनीत पाणी ऑगस्टमध्ये येतं, तेही इथल्या पावसाने नाही. पुण्याकडच्या घाटात पाऊस झाला, तिकडची धरणं भरली, त्यांचे दरवाजे उघडले की भीमेला पाणी येतं आणि दौंडचा विसर्ग, म्हणजे तिथून उजनीकडे येणारा भीमेचा प्रवाह, वाढला की आमच्या जिवात जीव येतो. सप्टेंबर संपत आला की नैर्ऋत्येचा वारा पडतो. पाणी आणि वारा दोन्ही एकाच वेळी हाती असतात असे आठवडे फार तर 7 ते 8. तेवढाच आमचा हंगाम. त्यात होडी दुरुस्तीला पडून राहिली तर वर्ष गेलं. म्हणून दौंडचं पाणी यायच्या आत सगळं तयार पाहिजे, हा साहेबांचा पहिला नियम.

मी सांगतोय ती 2024 ची तयारी. त्या उन्हाळ्यात उजनीचा आकडा वजा 60 टक्क्यांच्या जवळ गेला होता. बाहेरच्या माणसाला हा आकडा कळत नाही. धरणाची एकूण साठवण 117 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला 63.66 टीएमसी मृतसाठा आणि 53.57 टीएमसी उपयुक्त साठा. उपयुक्त संपला की टक्केवारी वजात जाते. वजा 60 म्हणजे मृतसाठ्यातलंही 32 टीएमसीच्या आसपास पाणी गेलेलं. एप्रिलच्या शेवटी आम्ही जागा बघायला गेलो, तेव्हा ज्या काठावरून होड्या ढकलतो तिथून पाणी दीड किलोमीटर मागे गेलं होतं. मधे भेगाळलेला गाळ, शिंपले, आणि ओलाव्याच्या कडेने लोकांनी केलेली गाळपेर. पुतणी तिथे उभी राहून म्हणाली, "काका, यंदा होतंय का हंगाम?" मी म्हणालो, "पाण्याचं आपल्या हातात नाही. होडीचं आहे."

ही पुतणी माझी जोडीदार. मी सुकाणूवर, ती जिबवर, म्हणजे पुढच्या लहान शिडावर. त्या वर्षी वय 19. आदल्या सप्टेंबरात हांगझोऊच्या आशियाई खेळांत देवासच्या नेहा ठाकूरने आयएलसीए-4 प्रकारात (ही लेझरच, फक्त शीड लहान) रौप्य पदक मिळवलं, तेव्हापासून तिचा उत्साह वेगळाच आहे. देवासला समुद्र नाही. भोपाळच्या तलावावर शिकलेली मुलगी आशियात दुसरी येते, ही गोष्ट सोलापूरच्या पोरीला समुद्रकाठच्या कुणाही खेळाडूपेक्षा जवळची वाटते.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं यंत्रमागाचे सुटे भाग दुरुस्त करायचं छोटं वर्कशॉप आहे. त्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होडी उलटी करून ठेवली आणि तळ धुतला. फायबरवर वरचा जो रंगीत थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात. त्याला 11 ठिकाणी बारीक चिरा होत्या. चीर नुसती भरून चालत नाही. ती आधी इंग्रजी व्ही अक्षरासारखी कोरून घ्यायची, आत ओल राहिलेली नाही हे बघायचं, मग रेझिन भरायचं. रेझिन घट्ट व्हायला हार्डनर घालतात, साधारण 1 ते 2 टक्के. सोलापुरात मेमध्ये पारा 42-43 वर असतो. दुपारी पत्र्याखाली रेझिन कालवलं तर ते वाटीतच तापून दगड होतं. म्हणून पहाटे 5 ला उठून, हार्डनर 1 टक्क्याच्या वर न जाऊ देता, चहाच्या कपाएवढंच रेझिन एका वेळी कालवायचं. 9 वाजले की काम बंद. या हिशेबाने 11 चिरांना 6 दिवस लागले.

त्याहून महत्त्वाच्या हवेच्या टाक्या. होडी उलटली तरी बुडू नये म्हणून बाजूंना बंद पोकळ्या असतात. त्या गळक्या असतील तर होडी पाण्यावर ठीक दिसते आणि उलटल्यावर उभी राहत नाही. तपासायची रीत साधी आहे. बुचाच्या भोकात रबरी नळी बसवायची, तोंडाने हळूहळू हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. कॉम्प्रेसर चुकूनही लावायचा नाही, त्या दाबाने सांधाच उकलतो. पुतणी फुंकत होती आणि मी ब्रश फिरवत होतो. डाव्या टाकीच्या झाकणाभोवती बारीक बुडबुड्यांची माळ उठली. म्हणजे आदल्या वर्षी आम्ही सबंध हंगाम एक टाकी गळकी घेऊन फिरलो होतो. झाकण काढलं, जुनं सीलंट खरवडलं, नवं लावलं, दोन दिवसांनी पुन्हा फुंकलं. बुडबुडा आला नाही.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांसाठी साहेबांची एक युक्ती आहे. कापसाचा बोळा तारेवरून वरपासून खालपर्यंत ओढत न्यायचा. एखादा पेड तुटून वर आला असेल तर कापूस तिथे अडकतो. डोळ्याला न दिसणारं कापसाला सापडतं. उजव्या बाजूच्या तारेवर, खालच्या टोकाशी, अडकला. एकच पेड तुटलेला होता. पण एक तुटला की बाकीच्यांवर भार वाढतो. तार बदलली.

आता शिडाबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण त्यात मी सगळ्यात जास्त रमलो.

माझे वडील सूतगिरणीत होते, आजोबा हातमागावर. ताणा आणि बाणा हे शब्द आमच्या घरात मीठ-भाकरीसारखे. पण शिडाचं कापड पहिल्यांदा भिंगाखाली धरलं तेव्हा मी थक्क झालो. पॉलिएस्टरचं, घट्ट विणलेलं, वरून रेझिनचा हात दिलेलं. आपल्या चादरीत उभा ताणा ताणलेला असतो आणि त्यात जाड, मऊ बाणा बसतो. तीच तिची ऊब. शिडाच्या कापडात भार बाण्यावर असतो. आडवा धागा जाड आणि जवळजवळ सरळ ठेवतात, ताणाच त्याच्यावरून नागमोडी जातो. सरळ धागा ओढला तर लांबत नाही. नागमोडी धागा आधी सरळ होतो, तेवढा लांबतो. म्हणून मोठ्या शिडाच्या पट्ट्या अशा जोडतात, की बाणा शिडाच्या मागच्या कडेला समांतर यावा. सगळ्यात जास्त ओढ त्या कडेवर असते. तिरप्या दिशेला मात्र कुठलंही विणलेलं कापड कमजोर. तिथे धागा कामी येत नाही, तो रेझिनचा हात कामी येतो. आणि शिडाची घडी घातली की घडीच्या रेषेवर तोच मोडतो. आदल्या वर्षी आम्ही शीड चादरीसारखं घडी घालून ट्रंकेत ठेवलं होतं. त्या वर्षापासून पीव्हीसी पाइपवर गुंडाळून ठेवतोय.

आमच्या मोठ्या शिडाला मागच्या कडेशी वीतभर फाट होती आणि तीन जोडांवरची शिलाई गेलेली. उन्हाने कापडाआधी शिलाईचा दोरा मरतो. नखाने खरवडला तर भुकटी होऊन निघाला. शीड घेऊन मी अशोक चौकाकडे गणवेश शिवणाऱ्या एका मास्तरांकडे गेलो. सोलापुरात गणवेशाचा मोठा धंदा आहे, शाळांचे, दवाखान्यांचे कपडे इथून लांब लांब जातात, आणि या लोकांकडे झिगझॅगची चांगली मशिनं असतात. मास्तरांनी निळं कापड बोटांत घेतलं, चुरगाळून आवाज ऐकला आणि विचारलं, "हे काय हो? छत्रीचं पण नाही, तंबूचं पण नाही."

मी सांगितलं. त्यांनी शीड सबंध जमिनीवर पसरायला लावलं. चपला काढून त्याच्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "याला साधी शिलाई चालणार नाही. सरळ टाका ओढला की तुटणार. वाकडा टाका पायजे, तो कापडाबरोबर ताणतो." साहेबांनी हेच सांगून पाठवलं होतं, तीन टाक्यांची झिगझॅग. मास्तरांनी कधी होडी पाहिलेली नाही. पण कापड कसं फाटतं हे त्यांना ठाऊक होतं.

ठिगळासाठी जुन्या बाद शिडाचा तुकडा घेतला. मी भिंग घेऊन ताणा-बाणा बघितला आणि मूळ कापडाच्या दिशेत तो तुकडा बसवला. दिशा चुकली तर ठिगळ एका बाजूला ताणतं, मूळ कापड दुसऱ्या बाजूला आणि मधे सुरकुती पडते. त्या सुरकुतीत वाऱ्याची ताकद वाया जाते. आधी दोन बाजूंच्या चिकटपट्टीने ठिगळ जागेवर धरलं, मग कडेने दोन फेऱ्या शिलाई. जोडांवरची जुनी शिलाई उसवली नाही, तिच्या शेजारून नवी घातली. काम साडेचार तास चाललं. तेवढा वेळ मशीन अडकून पडली तरी मास्तरांनी घाई केली नाही. पैशाचं विचारलं तर म्हणाले, "शर्यत कधी आहे ते सांगा. पोराला घेऊन बघायला येतो." मी आग्रहाने दिले. निघताना त्यांनी गणवेशाच्या उरलेल्या कापडातून झेंडे शिवून द्यायचं कबूल केलं. त्यांबद्दल पुढे.

हे सगळं सुरू असतानाच 21 मे आला. त्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली प्रवासी होडी उजनीत वादळी वाऱ्याने उलटली. 6 माणसं गेली. त्यात लहान मुलं होती. एक जण पोहून काठाला लागला.

पुढचे काही दिवस मी शेडमध्ये गेलोच नाही. आपण ज्या पाण्यावर खेळायला जातो त्याच पाण्यावर माणसं रोजच्या कामासाठी जातात, धरणाने गावांच्या वाटा तोडल्यापासून जातायत, आणि त्यांच्याकडे दुसरा जवळचा रस्ता नसतो. घरातून विरोध झाला. पुतणीच्या आईने स्पष्ट सांगितलं, "भावजी, यंदा राहू दे." मला त्यांचं चूक वाटलं नाही. साहेबांनी सगळ्यांना घरी बोलावलं. ते म्हणाले, थांबायचं असेल तर थांबू, पण जायचं असेल तर दोन गोष्टी झाल्याशिवाय एकही होडी उजनीला जाणार नाही. प्रत्येक जॅकेट वजन लावून तपासायचं. आणि प्रत्येकाने होडी मुद्दाम उलटवून, कुणाच्या मदतीशिवाय, तीन वेळा उभी करून दाखवायची. शिवाय ढगांचा गडगडाट कानावर आला की शर्यत तिथेच बंद, मग कुणी पहिला असो की शेवटचा. वळवाच्या ढगाखालून गार हवा खाली कोसळते आणि पाण्यावर सगळीकडे पसरते. दोन मिनिटांपूर्वी पाणी आरशासारखं असतं, म्हणून माणूस फसतो.

जॅकेटं 9 होती. ज्यांना पोहता येतं त्यांच्यासाठी होडीवर 50 न्यूटनचं जॅकेट वापरतात, म्हणजे ढोबळमानाने 5 किलोची उचल. आम्ही वर्कशॉपमधल्या पाण्याच्या हौदात एकेक जॅकेट टाकलं आणि खाली लोखंडी मापं बांधली. लोखंडालाही पाण्यात थोडी उचल मिळते, म्हणून 5 किलोवर आणखी पाऊण किलो. 7 तरंगली. 2 हळूहळू बुडाली. दिसायला ती दोन्ही इतरांपेक्षा नवी होती. आतला फोम ट्रंकेत दाबून दाबून मेलेला. मी ती कात्रीने कापली, कारण नुसती बाजूला ठेवली असती तर कुणीतरी कधीतरी घातली असती. नवी दोन आणली, तीही हौदात टाकूनच घेतली. वहिनींनी हा सगळा कार्यक्रम शेडच्या दारात उभं राहून पाहिला. काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी पुतणीचा फोन आला, आई हो म्हणाली.

जुलैत हिप्परग्याला गेलो. तुळजापूर रोडवरचा हा तलाव सोलापूरकरांच्या पायाखालचा. अडिला नदीवर इंग्रजांच्या काळात बांधलेला एकरुखचा मातीचा बांध, 1871 मध्ये पुरा झालेला आणि 2 किलोमीटरहून लांब. आमच्या होड्यांना इंजिन नाही, तेलाचा थेंब पाण्यात जात नाही, याचं मला तिथे नेहमी समाधान वाटतं. शहराने हे पाणी प्यायलेलं आहे.

होडी उलटवण्याचा सराव ऐकायला सोपा वाटतो. पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच बाजूला झुकलो, शीड पाण्यावर आडवं झालं आणि पुढच्या 10 सेकंदांत होडी पूर्ण पालथी. एंटरप्राइजची ही खोडच आहे, डोलकाठी सरळ खाली जाते. तळ वर, आपण पाण्यात, आणि धरायला गुळगुळीत फायबर. पहिल्या वेळी उभी करायला 11 मिनिटं लागली. माझ्या हातातलं बळ संपलं होतं. चूक कुठली होती ते साहेबांनी काठावरून हेरलं. मोठ्या शिडाची दोरी कप्पीच्या दातात अडकलेलीच होती. शीड मोकळं नसेल तर ते पाणी घेऊनच वर यायला बघतं, आणि तेवढं वजन कुणालाच उचलत नाही.

दुसऱ्या खेपेला डोलकाठीच्या टोकाला 5 लिटरचा रिकामा तेलाचा कॅन घट्ट बूच लावून बांधला. होडी आडवी झाली पण पालथी झाली नाही. मग रीत अशी बसली: उलटल्या उलटल्या दोघांनी एकमेकांना हाक मारायची. हाक आली की मी मागून फिरून तळाकडे जातो आणि सेंटरबोर्डवर, म्हणजे तळातून बाहेर येणाऱ्या फळीवर, चढतो. पुतणी आतल्या बाजूला राहून आधी मोठ्या शिडाची दोरी सोडते, मग जिबची दोरी माझ्याकडे फेकते आणि होडीच्या आत पाण्यात आडवी पडून राहते. मी दोरी धरून मागे रेलतो. डोलकाठी पाण्यातून सुटते, होडी उठते आणि उठतानाच तिला आत घेऊन येते. ती आत असली की होडी दुसऱ्या बाजूला पुन्हा पडत नाही. मग बादली. बादली होडीला दोरीने बांधलेली असायलाच हवी, नाहीतर ती सगळ्यात आधी वाहून जाते. सहाव्या वेळी आम्हाला 2 मिनिटं 40 सेकंद लागले. लेझरवाले दोघं मिनिटाच्या आत उठत होते, पण त्यांची होडी हलकी आणि पाणी आपोआप बाहेर टाकणारी.

जॅकेट घालून पालथ्या होडीखाली जायचंही आम्ही केलं. आत हवेचा कप्पा राहतो, हिरवट उजेड असतो, आणि आपलाच श्वास मोठा ऐकू येतो. भीती वाटते. ती एकदा काठाजवळ वाटून गेलेली बरी.

संध्याकाळी माझ्या घरी नियमांचा वर्ग चालायचा. दिवाणावरची चादर जमिनीवर अंथरायची, चादरीवरचा मोर म्हणजे वारा येतो ती दिशा, आणि काडेपेट्या म्हणजे होड्या. उजव्या अंगाने वारा घेणाऱ्या होडीला वाट द्यायची. दोघींनाही एकाच अंगाने वारा असेल, तर वाऱ्याकडच्या होडीने बाजूला व्हायचं. वळायच्या जागी खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या तरंडाजवळ 3 होड्यांच्या लांबीच्या आत आल्यावर आतल्या होडीला वळायला जागा द्यायची. वाट अडवली तर शिक्षा म्हणून जागच्या जागी दोन पूर्ण गिरक्या, आणि तरंडाला धक्का लागला तर एक. पंच नसतात, स्वतःच कबूल करून गिरकी घ्यायची. मला या खेळातलं हे सगळ्यात आवडतं.

मास्तरांचे झेंडे याच वर्गात आले. सुरुवात 5 मिनिटांची असते. 5 ला पहिला झेंडा वर, 4 ला निळा, मधे पांढरा चौकोन असलेला, 1 ला तो खाली आणि शून्याला पहिलाही खाली. रेषा आधी ओलांडली तर पांढऱ्यावर निळं अधिकचं चिन्ह असलेला झेंडा. मास्तरांनी चौकोनाच्या कडा अशा दुमडल्या होत्या की दोन्ही बाजूंनी सारखंच दिसावं. कुणी सांगितलं नव्हतं.

होड्या वेगळ्या असल्याने वेळेचा हिशेब करावा लागतो. ब्रिटनमध्ये प्रत्येक प्रकारच्या होडीला एक अंक ठरवलेला आहे. लागलेला वेळ गुणिले 1000, भागिले तो अंक. पुतणीने त्याचा तक्ता मोबाइलवर बसवला.

पाटबंधारे खात्याकडचा अर्ज, होड्यांची यादी, जॅकेटांची संख्या, हे सगळं साहेबांनी जूनमध्येच करून ठेवलं होतं. मच्छीमारांशी बोलायला मात्र मी आणि ते दोघं गेलो. जाळी आधी त्यांची, मग आमची शर्यत. सेंटरबोर्ड जाळ्यात अडकला तर होडी थांबते आणि जाळं फाटतं, नुकसान त्यांचं होतं. तिथले एक वयस्कर मामा म्हणाले, "रविवारी सकाळचं जाळं आम्ही पल्याडच्या खोऱ्यात लावू, दुपारपतुर तुमचं पाणी." त्यांची इंजिनची होडी आम्ही रक्षणासाठी भाड्याने ठरवली. मी विचारलं, "मामा, वारं वाईट कधी म्हणायचं?" ते म्हणाले, "पाण्याचा रंग काळा पडून तुमच्याकडं धावाय लागला की. तवा काठ जवळ पायजे."

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याकडे पाऊस लागला. घरात सगळे दौंडचा आकडा विचारू लागले. महिना संपता संपता धरण वजातून बाहेर आलं आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात भरलं. एप्रिलमध्ये जिथे गाळपेर होती तिथे आता तीन पुरुष पाणी. तरंडे टाकायला गेलो तेव्हा एक धडा मिळाला. नारिंगी कापडात शिवलेले प्लास्टिकचे कॅन, खाली दोरी आणि वाळूचं पोतं. एका गुरुवारी टाकले आणि रविवारी बघतो तर दोन गायब. पाणी चढलं होतं, दोरी तेवढीच होती, कॅन पाण्याखाली ओढले गेले होते. मग दोरी दुपटीने लांब घेतली आणि तिच्या मधोमध अर्ध्या किलोचं वजन लावलं. पाणी कमी असताना ते वजन ढिली दोरी खाली धरून ठेवतं, पाणी वाढलं की दोरी सरळ होत जाते.

18 ऑगस्टला पहिली शर्यत. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. कोकणात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात. आमच्या मच्छीमार मामांनी आदल्याच दिवशी भीमेला नारळ दिला आणि कुगावकडे तोंड करून थोडा वेळ हात जोडून उभे राहिले. आम्हीही राहिलो.

वारा नैर्ऋत्येचा, मधूनमधून पाण्यावर पांढरे तुरे उठवणारा. मास्तर पोराला घेऊन आले होते, काठावरच्या बाभळीखाली बसले. सुरुवातीच्या रेषेवर आम्ही डाव्या टोकाला होतो. शून्याच्या शिट्टीला पुतणीने जिब ओढली आणि होडी एकदम अंगात आल्यासारखी उचलली. मी वर बघितलं. ठिगळाभोवती एकही सुरकुती नव्हती, मागची कड तलवारीच्या पात्यासारखी. पहिल्या तरंडाला आम्ही दुसरे. तिसऱ्या फेरीत एक लेझर झुळकीत आडवी झाली. मामांनी इंजिन सुरू केलं, पण साहेबांनी हात वर करून थांबवलं. पोरगा 40 सेकंदांत उभा राहिला आणि लगेच वाट धरली. आम्ही एका वळणावर दुसऱ्या एंटरप्राइजची वाट अडवली. पुतणीच आधी ओरडली, "काका, चूक आपली." दोन गिरक्या घेतल्या. वेळेच्या हिशेबात तिसरे आलो.

परतीच्या पाण्यात मी सुकाणू तिच्या हातात दिलं. काठाला लागल्यावर शीड पाइपवर गुंडाळलं, मास्तरांनी ठिगळावरून अंगठा फिरवून टाके मोजले. मग मी वही काढली आणि रीतीप्रमाणे पुढच्या रविवारची यादी लिहिली: सुकाणूची वरची पिन ढिली. उजव्या तारेची चाप नवी घेणे. डावी टाकी कोरडी. बादलीची दोरी बदलणे. खाली पुतणीने तिच्या अक्षरात एक ओळ घातली, "पुढची शर्यत: सुकाणूवर मी."